सहाण सोडून बाकीचं

वर्दीतल्या बाईने पिशवीत कोपरापर्यंत हात घातला आणि सहाण बाहेर काढली.

"ये पत्थर किसका है?"

"पत्थर नहीं, सहाण है," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "बच्चे का है."

सुरुचीने डोळे मिटून घेतले. कडेवर रेवा, खांद्याला लॅपटॉप, दातांत बोर्डिंग पास, आणि मागे रांगेत पट्टे काढून उभी असलेली, घड्याळाकडे बघणारी माणसं. उद्या बंगलोरला क्लायंटसमोर तिचं पहिलं प्रेझेंटेशन होतं. बाळंतपणाची रजा संपवून ती परत आल्यापासून मॅनेजर तिला फार समजून घेत होता. "तुला जमत नसेल तर अमोघ जाईल, नो प्रॉब्लेम." त्याचं हे समजून घेणं तिला शिवीपेक्षा जास्त लागायचं. नवरा, शौनक, सहा महिन्यांसाठी डेट्रॉइटला. फोनवरून सल्ले द्यायला मोकळा. रेवा बाटली तोंडात धरत नव्हती. म्हणून रेवाला न्यायचं, आणि तिला सांभाळायला एक आजी न्यायची. गणित सोपं होतं.

दोन आज्या हाताशी असताना ते सुटायला हवं होतं. पण हवी असलेली गोष्ट आधी दुसऱ्याला देऊ करायची, ही पुण्याची रीत. "विहीणबाईंनाच जाऊ दे, बाळंतपण त्यांनी केलंय, त्यांना सवय आहे," असं सासूबाई, म्हणजे मंदाकिनीबाई, सदाशिव पेठेतून म्हणाल्या. "छे गं, नात त्यांच्या घरची. आम्हाला कोण विचारतंय," असं आई, शालनताई, धायरीहून म्हणाली. निरोप्याचं काम सुरुचीकडे. निरोप जाताना गोड असायचा, पोचेपर्यंत आंबायचा. जायचं दोघींनाही होतं, आग्रह दोघींनाही हवा होता, आणि पहिला आग्रह करायचा कुणी, यावर विमानाची तिकिटं महागत होती. शेवटी सासरे दीनानाथराव पेपर खाली न घेता म्हणाले, "नातीला बंगलोरला न्यायचंय, दत्तक द्यायचं नाहीये. काढा हिचं तिकीट."

तेव्हापासून मंदाकिनीबाई भरत होत्या. मे महिन्यात कानटोपी भरली, दोन दुपटी भरली, आणि सगळ्यांच्या तळाशी ही सहाण.

"हॉटेलात सहाण कशाला, आई?" सुरुचीने काल विचारलं होतं.

"शौनकची गुटी मी एक दिवस चुकवली नाही. म्हणून तर डेट्रॉइटची थंडी सोसतोय."

आता वर्दीतल्या बाईने गुटीचा डबा उघडला. आत वाळकी मुळं, जायफळ, हळकुंड आणि कागदात बांधलेली एक पुडी. तिने पुडी सोडली.

"और ये पाउडर क्या है?"

"वो सुंठ," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "नाही, थांबा. हिरडा. हिरडा पांढरा असतो का गं?"

हे त्यांनी सुरुचीला विचारलं. मग डब्यातलं एक मूळ उचललं, ठेवलं, दुसरं उचललं. उभी हयात बँकेत काढलेल्या बाई. संध्याकाळी कॅश जुळली नाही की त्यांचा चेहरा कसा होत असेल, ते सुरुचीला आज कळलं.

"आई, तुम्हाला माहीत नाही?"

आवाज तिला वाटला त्यापेक्षा वर गेला. रेवा दचकली. उद्या सकाळपासून दुपारपर्यंत हे लेकरू ज्या हातात सोडून जायचं, तो हात हिरडा की सुंठ करत डब्यात फिरत होता. परत जावं का? अमोघ काय, एका पायावर तयार असेल.

मंदाकिनीबाईंनी सुरुचीच्या हातातला मोबाइल घेतला आणि चष्मा न लावता, कुठलंही नाव न शोधता, आकडे दाबत गेल्या.

"अगं शालन, ती पुडी कसली गं? वेखंड ना? पोटावर चोळायचं, हो, हो. मी काय, सुंठ म्हणत बसले. आणि ऐक, ही बाई सहाण ठेवून घेतेय. आता गं काय करू?"

सुरुचीने मागे वळून पाहिलं. काचेच्या दाराबाहेर आई अजून उभी असेल. घटकेपूर्वी याच दोघींनी त्या दाराशी एकमेकींना नमस्कार केला होता, सोयरिकीच्या बैठकीत करतात तसा, मध्ये दोन हात अंतर ठेवून. "येते हं, विहीणबाई." "सावकाश या." बस.

वर्दीतल्या बाईने पुडीचा वास घेतला, शिंकली, आणि डबा परत दिला. सहाण मात्र कात्र्या आणि नेलकटरांच्या खोक्यात गेली.

खुर्च्यांवर टेकल्यावर सुरुची म्हणाली, "शौनकला तुम्हीच द्यायचात ना गुटी?"

"मला मस्टर गाठायचं असायचं. सासूबाई म्हणायच्या, तू तुझी बँक सांभाळ." त्यांनी पदराने रेवाची लाळ पुसली. "मी संध्याकाळी यायचे तेव्हा वाटी धुऊन पालथी घातलेली असायची."

"मग आता?"

"तुझी आई शिकवते. दुपारी, फोनवर. मुरुडशेंगेचे दोन वळसे, जायफळाचा अर्धाच. जास्त झालं तर मूल पेंगत राहतं. ह्यांना बोलू नकोस."

"रोज बोलता? आणि मला पंधरा दिवस 'तुम्हीच जा, तुम्हीच जा' करत पळवलंत?"

"ते वेगळं," मंदाकिनीबाई शांतपणे म्हणाल्या. "ती रीत असते."

सुरुचीला ओरडावंसं वाटलं. पण रेवाला तिने सासूबाईंच्या मांडीवर दिलं होतं, आणि रेवा त्यांच्या मंगळसूत्राशी खेळत होती.

मोबाइल वाजला. 'आई धायरी' असं नाव आलं. सुरुचीचा अंगठा सवयीने बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला. तिने फोन मंदाकिनीबाईंपुढे धरला.

"घ्या. तुमचा असेल."

त्यांनी रेवाला एका हाताने सावरून तो कानाला लावला. "बोल गं. कप? हॉटेलातला? पालथा घालून त्यावर उगाळायचं? हां, तळाला खरखरीत असतो खरा. आणि आधी उकळत्या पाण्याने धुवायचा, ते कळतं गं मला."

सुरुचीने रेवाच्या पायातून निसटलेला मोजा वर ओढला आणि लॅपटॉप उघडला.