बाबांचं ‘छान’

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा एक गोष्ट तिला कुणीतरी आधी सांगायला हवी होती, ती म्हणजे सासरे चहाच्या कारखान्यात चहा चाखायचं काम करतात. कुणी सांगितलं नाही. मग ते तिला पहिल्याच घासाला कळलं.

चहा चाखणं ही नोकरी असते यावर तिचा विश्वासच बसेना. पण होतं खरं. ओळीनं मांडलेल्या कपांपुढे उभं राहायचं, चमचाभर चहा मोठ्यानं फुर्रकन ओढायचा, तोंडात घोळवायचा, बाजूच्या बादलीत थुंकायचा आणि एका शब्दात निकाल द्यायचा. ‘उभा’ म्हणजे तरतरीत, जिवंत. ‘बसका’ म्हणजे मेलेला. त्या एका शब्दावर पोतीच्या पोती विकली जायची, नाहीतर आल्या पावली परत जायची. बाबांनी हयातभर हेच केलं आणि घरी येऊन जेवलेही तसेच. फुर्र करून ओढायचं, आढ्याकडे बघायचं, निकाल द्यायचा. थुंकत तेवढे नसत, ही त्यांची मेहरबानी.

आणि अशा घरात आली कोण, तर ही! कपडेदुरुस्तीच्या दुकानात कामाला. दिवसभर दुसऱ्यानं बेतलेलं उसवायचं, कुणाची कंबर वाढवायची, कुणाच्या बाह्या आखडायच्या. त्यामुळे दुसऱ्यानं घालून दिलेलं माप तिला स्वयंपाकातही सोसायचं नाही. बाजारात अनोळखी काही दिसलं की हिचा हात पिशवीत गेलाच. एकदा भाजीवालीकडे एक गाठाळ, मातकट मूळ दिसलं. हिनं विचारलं, “हे काय गं, ताई?” भाजीवाली दुसऱ्या गिऱ्हाइकाला तोलून देत होती. तिनं मान उडवली आणि म्हणाली, “कोण जाणे!” हिला वाटलं, हेच त्याचं नाव. घरी येऊन मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं, “आज कोणजाणेची भाजी!”

नवरा हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला. तेव्हापासून घरात जे जे नवं येई ते कोणजाणे. वाळवलेलं समुद्री शेवाळ हे काळं कोणजाणे, खारवलेले ऑलिव्ह हे गोल कोणजाणे. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, स्वभावानं गरीब, पण थट्टेची खोड. तो म्हणायचा, “नव्याचे नऊ दिवस.” ती म्हणायची, “म्हणून तर दहाव्या दिवशी दुसरं आणते.”

बाबा मात्र हसत नसत. चाखत. “बसकं,” म्हणत आणि पुढचा घास घेत. वर्षानुवर्षं बसकं, बसकं, बसकं. एकदा भाजलेल्या बिटात संत्र्याची साल किसून घातली होती, तेव्हा बराच वेळ आढ्याकडे बघून म्हणाले, “अर्धं उभं आहे.” त्या दिवशी ती भांडी घासताना गात होती. असली शाबासकी नाकानं कांदे सोलणाऱ्या माणसाकडून मिळवायची म्हणजे काय असतं, हे ज्याला असा सासरा आहे त्यालाच कळेल. लोकांनी चांगलं म्हणावं म्हणून ती रांधतच नव्हती. त्या एका जिभेकडून एकदा पूर्ण ‘उभं’ वदवून घ्यायचं, एवढाच तिनं चंग बांधला होता.

मग बाबांना ताप आला. वाईट ताप, बरेच दिवस रेंगाळलेला. उतरला तेव्हा बाबा हडकले होते, पण टेबलाशी येऊन बसले. तिनं भोपळ्याचं दाट सूप केलं होतं, वर दालचिनी आणि भाजलेल्या बिया. बाबांनी चमचा तोंडात घातला आणि म्हणाले, “छान.”

 नवऱ्यानं बायकोकडे बघितलं. दुसऱ्या दिवशीही “छान”. तिसऱ्या दिवशी तर “फार छान”. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दुकानात सांगून झालं, भाजीवालीला सांगून झालं. बाबांच्या पँटची कंबर तिनं आत घेतली, थोड्या दिवसांनी पुन्हा आत घेतली, तरी तिच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आजारानं माणूस मऊ होतो, तसे झाले असतील, असंच तिला वाटलं. शिवाय खरं सांगायचं तर शाबासकी मिळत असताना कोण चौकशी करत बसतं?

एके दिवशी सकाळी ती मशरूमच्या रश्श्यात मीठ घालायला साफ विसरली. नवऱ्यानं पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. तिनं चाखून बघितलं तर फडकं धुतलेलं पाणी बरं. ती मिठाची बरणी आणायला उठणार, तोच बाबा म्हणाले, “छान झालंय.”

ती उठता उठता पुन्हा खाली बसली. नवऱ्याच्याही ध्यानात आलं असावं, कारण त्यानं काही विनोद केला नाही. तो खाली बघून निमूट जेवत राहिला. तेव्हा कुठे तिला ऐकू आलं, की टेबलावर आवाजच नाही. बाबांचं ते फुर्र बंद झालं होतं. कधीपासून कोण जाणे, पण आजारातून उठल्यापासून एकदाही ऐकलेलं नव्हतं.

दुपारी ती त्यांच्या खोलीच्या दाराशी गेली. बाबा पलंगावर बसले होते. मांडीवर चहाचा डबा होता, कारखान्यातून निवृत्त होताना मिळालेला. झाकण उघडत, नाक आत घालत, झाकण लावत. पुन्हा उघडत. ती दिसल्यावर डबा लपवायला गेले आणि मग लपवलाच नाही.

“कधीपासून?” तिनं विचारलं.

“तापापासून. वास नाही, चव नाही. काहीच नाही.”

“आणि मला छान छान म्हणत होतात?”

“मग काय म्हणू? खोटं ‘बसकं’ म्हणवेना. छान म्हणायला चव कळावी लागत नाही.” बाबांनी डब्याचं झाकण दाबून लावलं. “नवा माल आला की अजून मला बोलावतात. पोरं म्हणतात, तुम्ही एकदा सांगा म्हणजे आम्ही निर्धास्त. आता बोलावलं तर काय तोंड घेऊन जाऊ? तोंड आहे, पण त्यात कुणी राहत नाही.”

तिला रडू आलं आणि रागही आला. राग स्वतःचाच आला. दोनदा कंबर आत घेणाऱ्या बाईला कळू नये?

डॉक्टर म्हणाले, येईल चव, कदाचित नाहीही येणार. जेवण मात्र सुटता कामा नये, हे वजन चांगलं नाही. नाकाला आणि जिभेला रोज कामाला लावा, रोज वेगवेगळं द्या. नवरा घरी येताना म्हणाला, “जाऊ दे, त्यांना साधं मऊ काहीतरी देत जा. त्रास कशाला?” पण हिनं ‘वेगवेगळं’ एवढंच ऐकलं होतं. आजवर जिला उधळी, नादिष्ट म्हणत होते, तिच्याच हौसेची आता गरज पडली होती की!

त्या संध्याकाळी तिनं टेबलाशी उभं राहून कायदा केला. “या घरात कुणी छान म्हणायचं नाही. जे समजेल तेवढंच सांगायचं. आणि बाबा, तुम्ही फुर्र करूनच खायचं.”

“काही कळत नाही तर फुर्र कशाला?”

“कपात काय आहे हे ठाऊक नसतानाच ओढत होतात ना?”

बाबांनी चमचा भरला. फुर्रकन ओढला.

मग तिनं बाजार पालथा घातला. कुरकुरीत सेलरी आली, आंबट हिरवी सफरचंदं आली, तिखट मुळा, कडू पाला, व्हिनेगरात मुरवलेले कांदे, तिळाचं वाटण. बाबा डोळे मिटून सांगायचे. “गार.” “कचकन तुटतंय.” “बुळबुळीत.” मोहरीच्या वाटणानं डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ती आशेनं पुढे वाकली तर म्हणाले, “डोळ्यांना कळलं. जिभेला नाही.” ती सकाळी शिजवायची, दुकानात बाह्या आखडताना संध्याकाळचा विचार करायची आणि येताना आणखी एक कोणजाणे घेऊन यायची. भाजीवाली आता तिच्यासाठी विचित्र दिसेल ते बाजूला काढून ठेवत होती. पण बाबांचा शब्द काही पुढे सरकत नव्हता. गार, गरम, मऊ, टणक. आंधळ्यानं भिंत चाचपावी तसं चाललं होतं.

एका रात्री बाबांनी ताट सरकवलं. “पुरे झालं. कशाला राबतेस माझ्यासाठी? मला आता मातीही सारखीच.”

“तुमच्यासाठी राबते असं कुणी सांगितलं तुम्हाला?” तिचा आवाज चढला. नवऱ्यानं तिचा हात धरला, तिनं सोडवून घेतला. “मी माझ्यासाठी करते. इतकी वर्षं तुम्ही बसकं म्हणत होतात आणि मी दुसऱ्या दिवशी नवं करत होते. कारण मला ठाऊक होतं, या माणसाला कळतं. याला फसवता येत नाही. आता मी चांगलं केलं की वाईट, हे मला कोण सांगणार? हा?” तिनं नवऱ्याकडे बोट केलं. “हा तर मीठ नसलं तरी खातो!”

“तोंड वाकडं केलं होतं मी,” नवरा हळूच म्हणाला.

बाबा हसले नाहीत. पण त्यांनी ताट पुन्हा ओढून घेतलं.

रविवारी ती स्वयंपाकघरात एकटी होती. नवरा बाहेर गेला होता, बाबा आपल्या खोलीत पेपर वाचत होते. तिनं तेच जुनं गाठाळ मूळ आणलं होतं, कांदा आणि थोडा मध घालून झाकण ठेवून मंद आचेवर ठेवलं होतं. तेवढ्यात खालून भाजीवालीची हाक आली. ती खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकली. भाजीवालीच्या हातात केसाळ, हिरवं काहीतरी होतं. ते सोलून खायचं की भाजून यावर दोघींची जुंपली. दोघींनाही माहीत नव्हतं, म्हणून दोघी हट्टाला पेटल्या होत्या.

“सूनबाई! करपतंय!”

“हो, हो, बघते!” ती खिडकीतूनच ओरडली आणि तिथेच थिजली.

ती सावकाश मागे वळली. झाकणाखालून अजून धूरही नीट निघत नव्हता. तिला स्वतःला काही आलं नव्हतं, ती तर बाहेरच्या वाऱ्यात होती. दारात बाबा उभे होते, चष्मा कपाळावर, पेपर हातात चुरगळलेला. नाकपुड्या फुललेल्या.

“काय करपतंय?” तिनं विचारलं. 

“कांदा. आधी कांदा. आणि तळाला काहीतरी गोड... मध घातलास का?” आणि मग आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. त्यांनी भिंतीला हात टेकला. “अगं, गॅस बंद कर!”

“नाही करत. आणखी सांगा.”

“भांडं जाईल!”

“जाऊ दे भांडं. सांगा, बाबा.”

आणि बाबा सांगत राहिले. मध आता कडू पडतोय. त्या मुळाचा वास ओल्या मातीसारखा आहे. हळू आच ठेवली होतीस, पण पाणी कमी घातलंस, तिथे चुकलीस. तिनं गॅस बंद केला तेव्हा तळ काळाकुट्ट झाला होता. बाबांनी वाडगा पुढे केला. तिनं वरवरचं वाढलं तर म्हणाले, “खालचं दे.” खुर्चीत बसले, चमचा भरला आणि खिडकीखाली उभ्या भाजीवालीलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओढला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि एकीकडे बोटांवर चुका मोजणं चालूच होतं. मीठ उशिरा घातलंस. तुकडे सारखे कापले नाहीस. झाकण घट्ट नव्हतं. ती समोर उभी राहून एकेक चूक ऐकत होती आणि तिची मान आपोआप ताठ होत होती. एवढा अभिमान तिला जन्मात वाटला नव्हता.

नवरा आला तो दारातच थबकला. एक चप्पल पायात, एक हातात. घरभर धूर. त्यानं नाकाला रुमाल लावला.

“अगं, जाळलंस काय एवढं?”

“मला काय विचारतोस?” ती म्हणाली. “बाबांना विचार.”