परत म्हण

मी हेडफोन बोलतोय. गंगापूर रोडला ज्ञानेशचं सायबर कॅफे होतं ना, तिथला. तोंडापुढे वाकडा माइक, एका कानाचा स्पंज फाटलेला. रूपाचं काही विचारू नका, पण आवाज ऐकावा तर माझ्यातूनच!

सन २००४ मध्ये ज्ञानेशने मला आणलं. सुरुवातीला कॉलेजची पोरं यायची आणि माझ्यात उगाच बोंबलायची. अरे बाबांनो, माइक आहे ना तोंडाशी! समोरचं माणूस लांब आहे म्हटलं की तुमचा आवाज चढतोच.

मग वत्सलाबाई आल्या. मखमलाबादकडच्या मळेवाल्या. रविवारी बाजार उरकून दुपारी यायच्या, पिशवीत थोडी भाजी मुद्दाम राखून. लेक ज्योत्स्ना जर्मनीत. नात मोहिनी तिथेच जन्मलेली, पाच वर्षांची झाली तरी मराठीचा गंध नाही.

"नात माझी, आन् बोलायला मधी दुसरं माणूस लागतं. हे काय जिणं हाय?" त्या ज्ञानेशला म्हणाल्या. त्याने कॅमेरा जोडला, पदरावरूनच मला त्यांच्या डोक्यावर चढवलं आणि शाळा सुरू झाली.

वत्सलाबाई कॅमेऱ्यासमोर जुडी धरायच्या.

"मोहिने, म्हण, मेथी."

"मेती."

"तशी नाय गं, मेथी. आता हे दोडकं."

चित्र अडकायचं, आवाज तुटायचा. तरी पोरगी बोलायला लागली. "आजी, जेवलीस?" असं पहिल्यांदा विचारलं, तेव्हा वत्सलाबाईंनी मला दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरलं. मला फार बरं वाटलं.

एका रविवारी मोहिनीने विचारलं, "आजी, आजोबांचं नाव काय?" तिला शाळेत घरच्यांची नावं सांगायची होती. आजोबा ती जन्मायच्या आधीच वारले होते.

वत्सलाबाई पिशवीतली भाजी चाळवू लागल्या. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत.

"तुझ्या आईला इचार."

"आई म्हणते, आजीलाच विचार." पोर कॅमेऱ्याजवळ आली. "तू विसरलीस?"

हे मात्र वत्सलाबाईंना लागलं. नाव उखाण्यात घेता येतं, पण उखाणा सवाष्णींनी घ्यायचा, असं लोक म्हणतात. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, माइक ओठांजवळ ओढला आणि हळूच म्हणाल्या,

"गंगेच्या पाण्यावर फुलला झेंडूचा मळा,
देवरामांचं नाव घेते, भरून आला गळा."

"देवराम," मोहिनी म्हणाली. अगदी स्वच्छ.

 देवरामांना घरात सगळे नाना म्हणायचे. नावाने हाक मारणारे सोबती एकेक करत गेले. किती वर्षांत ते नाव त्यांच्या कानावर पडलं नव्हतं.

"बरोबर आहे ना, आजी?"

"बरोबर हाय. परत म्हण."

मोहिनी परत म्हणाली. वत्सलाबाई रडत होत्या आणि "परत म्हण, परत म्हण" करत होत्या.

पुढे घरोघरी इंटरनेट आलं, कॅफे बंद पडलं. मी ज्ञानेशच्या माळ्यावर खोक्यात पडून आहे. त्या दोघींची फार आठवण येते. मला भंगारात घालायचं तर खुशाल घाला. पण तुमच्या घरातही अशी एखादी म्हातारी असेल, जिला नवऱ्याचं नाव घेता येत नाही. तिच्यासमोर तुम्ही ते घ्या. ती वाट बघत असते.