फळ्याच्या कडेवरची नावं

मी एक जुना फळा आहे मित्रांनो, आणि ही गोष्ट २०२२ सालची. करी रोडच्या एका चाळीत, मंडळाच्या खोलीत मी टांगलेला असतो. गिरणीतल्या खोक्यांच्या फळ्या जोडून गुणाजी सुताराने मला घडवलं. त्याची सून मालनआजी संध्याकाळी इथे चाळीतल्या मुलांचा अभ्यास घ्यायची. मूल आलं की आधी माझ्या डाव्या कडेला आपलं नाव लिहायचं, मग त्या नावासमोर त्याला झेपेल असं गणित आजी घालायची. पहिलीतलं आणि सातवीतलं पोर शेजारी बसायचं, पण गणित ज्याचं त्याला.

मग आजीची नात आकांक्षा आली. मोबाइलवर मुलांसाठी धडे तयार करणं हीच तिची नोकरी.

"आजी, इथे जमलं तर ऑफिसात माझे धडे घेतील. नाहीतर गेलं सगळं पाण्यात."

मुलं मोबाइलला चिकटली. त्यात पाखरं उडायची, उत्तर बरोबर आलं की टाळ्या वाजायच्या. मी एवढा ऐसपैस, आणि सगळ्यांची पाठ माझ्याकडे! मी जळत होतो. माझ्याच खिळ्याला कुणी चार्जरची वायर अडकवली, तेव्हा तर अंगाचा तिळपापड झाला.

थोड्याच दिवसांत तिसरीतली दर्शना येईनाशी झाली. आजीने तिला गॅलरीतून हाताला धरून आणलं.

"काय गो, रुसलस कोणावर?"

"मी ढ आहे. मोबाइल मला न येणारीच गणितं देतो."

आकांक्षाने पाहिलं, तर अपूर्णांक! "तिसरीला हे कसं आलं?"

"हिच्या बापाचा फोन बापाबरोबर ड्युटीवर," आजी म्हणाली. "ही शेजारच्या वैभवच्या फोनवर बसते. तो सातवीत. फोनाक काय म्हायत, समोर कोण बसलाहा!"

आकांक्षाने कपाळावर हात मारला. "एक फोन म्हणजे एक मूल, असं धरून चालले मी."

"चाळीत कुठली वस्तू एकट्याची असते गो?"

मला गुदगुल्या झाल्या. बरी जिरली मोबाइलची! पण दर्शनाचे भरलेले डोळे दिसले आणि माझं हसू विरलं.

सवयीने ती माझ्याकडे आली, कडेला नाव लिहिलं. आजीने समोर वजाबाकी घातली. दर्शनाने ती चटकन सोडवली आणि खडूचे हात फ्रॉकला पुसले. आकांक्षा बराच वेळ माझ्या कडेकडे बघत राहिली.

पुढच्या आठवड्यात धडा उघडताच मोबाइल विचारू लागला, "आता कोण बसलंय?" आणि डाव्या कडेला नावं! मित्रांनो, माझी कडा चोरली त्याने. टाळ्या मात्र त्यालाच.

आकांक्षाचे धडे ऑफिसने घेतले. ती आता ठाण्याला असते. वैभव आयटीआयला जातो. मालनआजी गेल्या दिवाळीनंतर गेली. लहानांचा अभ्यास आता दर्शना घेते.

मित्रांनो, मला अधूनमधून ओल्या फडक्याने पुसत जा. आणि समोर कोण बसलंय, हे विचारल्यावाचून कुणाला काही शिकवू नका.

सगळ्यांना दिसावा म्हणून दर्शना आता धड्यांचा मोबाइल माझ्या खडूच्या पट्टीवर उभा करते. तो घसरू नये म्हणून मी त्याला धरून ठेवतो. जळतो, पण धरून ठेवतो.