उसनी रजा

विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांमागे बांधणी विभाग होता. विभाग म्हणायचा इतकंच, माणूस एकच. त्याला सगळे बाइंडरकाका म्हणत, त्याच्याहून वयाने मोठे असलेले प्राध्यापकसुद्धा. पाठ सुटलेले कोश, उंदरांनी कुरतडलेली पुस्तकं, विद्यार्थ्यांनी उशीसारखे वापरलेले ग्रंथ त्याच्याकडे यायचे आणि धडधाकट होऊन वर जायचे. काम चोख, बोलणं जेमतेम. ‘काकांनी तोंडालाही खळ लावलीय,’ असं लोक मागे म्हणायचे. ते त्याच्या कानावर आलं होतं आणि त्यावरही तो काही बोलला नव्हता.

घरी दोघांच्या वाटचं बायकोच बोलायची. ती शेजारपाजारच्यांचे कपडे शिवून द्यायची आणि मशीन चालवता चालवता आळीभरच्या बातम्या नवऱ्याला ऐकवायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. “बरंच झालं,” ती म्हणायची. “नाहीतर त्या लेकराला बापाशी खाणाखुणांनी बोलावं लागलं असतं.” हे म्हणताना ती हसायची आणि लगेच उठून काहीतरी आवरायला लागायची.

मग तिला जिने चढवेनासे झाले. “कुणीतरी पायऱ्या उंच केल्यात हो,” ती कठड्याला धरून म्हणायची. तपासण्या झाल्या. फुफ्फुसं कडक होत चाललीत, ती पुन्हा मऊ होत नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. काही महिन्यांत घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. त्याची घरघर दिवसरात्र चालायची. नाकाला लावलेली नळी स्वयंपाकघरापर्यंत पुरायची, गॅलरीपर्यंत नाही. एक वाक्य बोललं की ती दमायची. मशीनवर कापड पडून राहिलं, आणि घर गप्प झालं.

त्याची रजा संपली. बिनपगारी घ्यायची तर औषधांचं काय, हा प्रश्न होता. सकाळी मेहुणी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, येऊन बसायची. ती दोन गल्ल्या पलीकडे राहायची, पण तिलाही स्वतःचं घरदार होतं. तो कामावर यायचा, सुईत दोरा ओवायचा, आणि तसाच बसून राहायचा.

विद्यापीठात एक कर्मचारी कल्याण कक्ष होता. तिथल्या बाई दर महिन्याला कर्मचाऱ्यांसाठी पत्रक काढायच्या. मानेचे व्यायाम, डोळे तपासणीचं शिबिर, कोण निवृत्त झालं, कुणाच्या मुलीने नाव काढलं, असं सगळं त्यात असायचं. लोक ते पत्रक डब्याखाली अंथरायचे. एकदा बाई स्वतःच तळघरात आल्या आणि पुठ्ठ्यांच्या ढिगावर बसल्या.

“काका, आपण रजापेढी सुरू केलीय. ज्याच्याकडे शिल्लक आहे त्याने अडलेल्याला द्यायची. मी तुमच्यासाठी पत्रकात लिहू का?”

“नको.”

“का?”

“लोकांच्या रजा... त्यांनाही लागतात की.”

“लागतात त्यांनी नाही द्यायच्या. तुमचं नाव टाकत नाही, मग तर झालं?”

त्याने पुन्हा सुई उचलली. हाच होकार समजून त्या उठल्या. पत्रकात एवढंच आलं, की एका सहकाऱ्याच्या पत्नी गंभीर आजारी आहेत आणि त्या सहकाऱ्याला घरी राहण्याची गरज आहे. तो सहकारी कोण, हे जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. कारण विद्यापीठात बिनतारी होता. बिनतारी म्हणजे भांडारातला कारकून. खडू, कागद, झाडू यांच्याबरोबर तो बातम्याही वाटायचा, आणि त्यांची पावती मागत नसे.

रजा आल्या. चालकांनी दिल्या, प्रयोगशाळेतल्या मदतनिसांनी दिल्या, रखवालदारांनी दिल्या, एकदोन प्राध्यापकांनीही दिल्या. कुणी दिली ते सांगायचं नाही, असा नियम होता. “आता निवांत घरी बसा,” बाई म्हणाल्या. त्याने हात जोडले. घरी जाताना ओळखीचा प्रत्येक चेहरा त्याला धनकोसारखा वाटला.

आणि तो घरी बसला. अगदी खरोखर बसला, तिच्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून. ती खोकली की उठायचा, कुशीवर वळली की उशी सारखी करायचा. डोळा लागला तर छाती वरखाली होतेय ना, ते वाकून बघायचा.

“अहो, मी काय गॅसवरचं दूध आहे?” ती एकदा म्हणाली. “नजर हटली की उतू जाईन असं बघताय.”

तो ओशाळून खुर्ची मागे घ्यायचा, आणि थोड्या वेळाने ती पुन्हा होती तिथे यायची.

असे काही आठवडे गेले. एके सकाळी त्याने तिच्या हातातून पाण्याचा पेला घेतला आणि स्वतः तिच्या ओठांना लावला. तिने मान फिरवली. पाणी गळ्यावर सांडलं.

“पेला धरता येतो मला अजून!” एवढं बोलून तिला धाप लागली. तो पाठीवरून हात फिरवायला गेला, तर तिने तोही झटकला. श्वास जागेवर आल्यावर ती हळू, तुटक तुटक बोलायला लागली. “तुम्ही कामावर जायचात ना... तेव्हा बहिणीला मी भाजीला पाठवायचे. आणि मनसोक्त रडायचे. तुम्ही येईपर्यंत तोंड धुऊन बसायचे. आता रडायचीही चोरी. तुमच्यासमोर रडले, तर तुम्ही कोसळाल.”

“नाही कोसळणार.”

“कोसळाल. मला माहीत नाही का तुम्ही?” मग तिने डोळे मिटले. “जा. थोडा वेळ कुठेही जा. रोज जात जा.”

तो गेला. पायांना एकच रस्ता ठाऊक होता, ते त्याला विद्यापीठात घेऊन आले. पण रजेवरच्या माणसाने कामाला कसं लागायचं? आत जायची लाज वाटली. ग्रंथालयाच्या मागे छोटी बाग होती. तिथल्या एका बाकावरून बांधणी विभागाची जमिनीलगतची खिडकी दिसायची. तिच्याकडे बघत तो बसून राहिला, आणि बायकोला पुरेसं एकटं राहू दिलं असं वाटल्यावर घरी गेला. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही.

बिनतारीने त्याला बघितलं. बघितल्यावर गप्प बसला असता, तर त्याला ते नाव पडलंच नसतं.

“लोकांनी पोटाला चिमटा काढून रजा दिल्या, आणि काका बागेत ऊन खातायत!”

बोलणं पसरलं. बहिणीच्या लग्नासाठी राखलेली रजा एका रखवालदाराने दिली होती. तो बागेशी आला, काकांना लांबून बघितलं आणि परत गेला. काकांनी ते पाहिलं. त्यानंतर तो बागेतही बसला नाही, नुसता रस्त्याने फिरत राहिला. तोवर कुणीतरी कुलसचिवांकडे तक्रारही केली होती.

कल्याण कक्षाच्या बाई घरी आल्या. तो चहा टाकायला स्वयंपाकघरात गेला. भिंत पातळ होती, सगळं ऐकू येत होतं.

“ताई, कसं विचारू कळत नाही,” बाई म्हणाल्या. “काका सकाळी घरात नसतात, असं लोक म्हणतात.”

“नसतात. मीच हाकलते.”

“तुम्ही?”

“हो. दिवसभर डोळ्यांत तेल घालून बसतात समोर. मरणाऱ्या माणसालाही जरा आडोसा लागतो हो.” यंत्राची घरघर तेवढी ऐकू आली. मग तिने विचारलं, “पण लोकांना कसं कळलं? जातात तरी कुठे?”

“ग्रंथालयामागच्या बागेत बसायचे. त्यांच्या खोलीच्या खिडकीकडे बघत.”

त्याने चहा गाळला. तो चहा घेऊन दारात आला, तेव्हा बायको रडत होती, त्याच्या देखत.

“अहो, मला वाटलं बाजारात वेळ घालवत असाल,” ती म्हणाली. “कामाच्या दाराबाहेर बसायचात? भिकाऱ्यासारखे?”

तो कपबशा धरून उभाच राहिला. तो कोसळला नाही. फक्त बशीत चहा सांडला.

बाईंनी त्याच्या हातातून कप घेतला. “काका, अहो, ही रजा अर्ध्या अर्ध्या दिवसाचीही घेता येते. सकाळी कामावर या, दुपारी घरी जा. मला आधी विचारायचं तरी!”

विचारणं त्याला कधी जमलं नव्हतं.

त्यानंतर तो सकाळी बांधणी विभागात आणि दुपारी तिच्याजवळ असायचा. सकाळी मेहुणी पुन्हा यायला लागली, पण तो वेळ बायकोचा होता. काय करायची ते त्याने विचारलं नाही. तो आला की तिची नजर त्याच्याकडे लागायची.

“आज काय आलं?”

बोलायला तिच्याजवळ श्वास उरला नव्हता, म्हणून तो बोलू लागला. आधी अडखळत. वनस्पतिशास्त्राच्या एका पुस्तकात कुणीतरी वाळवलेलं फूल नाही, तर चक्क माशी ठेवली होती. एका प्राध्यापकांनी स्वतःच्याच पुस्तकाच्या समासात ‘चूक’ असं तीनदा लिहिलं होतं. एका विद्यार्थिनीने प्रबंधाच्या अर्पणपत्रिकेत आईचं नाव घातलं होतं, आणि बांधायला टाकल्यावर धावत येऊन बापाचंही घालायला लावलं. “भांडण मिटलं असेल,” बायको म्हणाली. तो जिना चढतानाच मनात जुळवाजुळव करायचा, आज आधी कोणतं सांगायचं. एवढ्या वर्षांच्या संसारात ती ऐकतेय आणि तो बोलतोय, असं प्रथमच होत होतं. हसली की तिला खोकला यायचा, तरी ती म्हणायची, “पुढे?”

एकदा सकाळी वरच्या काउंटरवरची मुलगी जिना उतरून आली. तिला काही सांगायची गरज पडली नाही. त्याने सुई ठेवली, हात पुसले, आणि दिवा मालवायला विसरून निघाला.

मेहुणी दारातच होती. “भावोजी, तिला जास्त झालं तेव्हा मी फोन हातात घेतला होता,” ती रडत म्हणाली. “तिने हात धरला माझा. म्हणाली, त्यांना काम करू दे. मग खिडकी उघड म्हणाली. मी खिडकी उघडून वळले, तर...”

तो तिच्याजवळ बसला. नळी अजून नाकाला होती आणि यंत्र चालूच होतं. मेहुणीने ते बंद केलं.

तो घरी नसतानाच ती मुद्दाम गेली का? त्याला वाचवायला, की स्वतःला आडोसा हवा म्हणून? त्याने मेहुणीला ते सगळं पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. ती तेच सांगायची. त्यातून उत्तर निघत नव्हतं. जवळ असतो तर तिला आवडलं नसतं, हे त्याला कळत होतं. पण जवळ नव्हतो, हे काही केल्या मनातून जाईना.

पुढच्या पत्रकात तिच्या निधनाच्या दोन ओळी आल्या. बाईंनी त्याला शोकगटाची, म्हणजे जवळचं माणूस गमावलेल्यांच्या बैठकीची, वेळ कळवली. एकदा जाऊन तो गोलात बसला, पण त्याची पाळी आल्यावर त्याने पुढच्याकडे बोट दाखवलं. कुणी आग्रह केला नाही.

बिनतारी कागदांची रिमं घेऊन खाली आला. रिमं ठेवली तरी जाईना.

“काका, माझं चुकलं,” तो म्हणाला. “मीही रजा दिली होती. म्हणून पित्त खवळलं. देऊन वर हिशेब मागत बसलो.”

काकांनी मान वर केली नाही. ‘असू दे’ म्हणायला हवं होतं, ते ओठांवर येईना. दुपारी सांगायच्या गोष्टींतली ही एक होती, आणि ती ऐकणारं कुणी नव्हतं. शेवटी त्याने पायाने स्टूल पुढे सरकवलं. बिनतारी त्यावर बसला आणि गप्प बसून राहिला. उठला तेव्हा त्याने हळूच काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

रजा शिल्लक होती. “आणखी थोडे दिवस अर्धवेळच या,” बाई म्हणाल्या, “मी वर बोलते.” त्याने नकारार्थी मान हलवली. “दुसऱ्या कुणाला द्या. दुपारी घरी जाऊन करू काय?”

पूर्णवेळ कामाच्या पहिल्या दिवशी दुपार झाली तसा तो सवयीने उठला. हात धुतले, चपला घातल्या, थांब्यावर येऊन उभा राहिला. बस आली. रोजचा चालक, त्याने दार उघडलं.

“चला काका.”

त्याने दांडीला हात घातला, आणि तिथेच थांबला. मागच्यांनी त्याला वळसा घातला आणि चढून गेले.

“नाही,” तो म्हणाला. “आता संध्याकाळी.”

चालकाने क्षणभर त्याच्याकडे बघितलं आणि मान डोलावली. बस गेली. रस्त्यावर कडक ऊन होतं, सावलीचे कोपरे रिकामे होते. तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग जिना उतरून आपल्या खोलीत आला. या वेळी खिडकीतून ऊन थेट टेबलावर येतं, हे तो विसरूनच गेला होता. त्याने खुर्ची सावलीत ओढली आणि पाठ सुटलेला एक जाड कोश समोर घेतला. दोरा ओवायला गेला, तर नेढं दिसेना. चष्मा पुसला, तरी दिसेना. मग त्याने सुई बाजूला ठेवली, त्या कोशावर डोकं टेकलं, आणि खालच्या त्या खोलीत, दार उघडं असताना, तो मोठ्याने रडला.