दातांचं केळवण

आमच्या ह्यांना पायोरिया झाला होता. मुलुंडच्या दातांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, सगळे दात काढा आणि कवळी बसवा. हे मान डोलवायचे, आणि तारीख जवळ आली की खाली वाण्याच्या फोनवरून आवाज बदलून कळवायचे, "श्यामकांत गावी गेलेत." इकडे माणूस वरणात भात कालवून नुसता गिळत होता. निम्मा झाला होता. माझा जीव तुटायचा आणि डोकंही फिरायचं.

शेवटी मी वेगळाच डाव टाकला. नव्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी चाळीतल्या चार बायकांना बोलावलं. म्हटलं, ह्यांच्या दातांचं केळवण आहे! केळवण जेवलेला नवरदेव बोहल्यावरून पळ काढत नाही, एवढाच माझा हिशेब.

पाटाभोवती रांगोळी, औक्षण, टॉवेल-टोपीचा आहेर, सगळं साग्रसंगीत केलं. शेजारची प्रेमा तर हसून हसून लोळायची बाकी होती. ह्यांनीही हसत ताटातली चकली उचलली, चावली आणि तशीच खाली ठेवली. डोळ्यांत टचकन पाणी आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अण्णांचे दात काढले आणि वर्षाच्या आत ते गेले," ताटाकडे बघत हे म्हणाले. "मला वाटतं, दात गेले की माझंही संपलं."

आपल्या वडिलांबद्दलचं हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या रुक्मिणीकाकी पुढे सरकल्या. काकी मूळच्या मालवणच्या, वयानं आम्हा सगळ्यांहून मोठ्या. त्यांनी ताटातली दुसरी चकली घेतली आणि कडकन तोडली.

"माझे सगळे दात कवळीचे, रे! किती वरसां झाली. मेलंय काय मी?"

हे पोट धरून हसले. किती दिवसांनी तोंडावर हात न धरता हसले! मला रडूच आलं.

सकाळी मी उठले तेव्हा ह्यांची दाढी झालेली, इस्त्रीचा शर्ट अंगात. डॉक्टरांनी भरल्या पोटी यायला सांगितलं होतं, म्हणून मऊ भात वाढला. तो खाऊन आम्ही खाली उतरलो. काकी दारातच उभ्या होत्या.

"काय रे नवरदेवा, भीती वाटता काय?"

"वाटते ना, काकी," हे चपला घालत म्हणाले. "पण चावून खायची भूक त्याहून जास्त लागलीय."