म्हैसदेवी

विषाणू शोधायचं मोठं मशीन आमच्या लॅबला परवडत नव्हतं, म्हणून मी गरम पाण्याची तीन भांडी मांडली होती : चौऱ्याण्णव, पंचावन्न आणि बहात्तर अंशांची. नमुन्यांच्या नळ्यांची जाळी एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. विषाणूचा अंश दिसण्याइतका वाढावा म्हणून अशा पस्तीस फेऱ्या, हातानं. बाविसाव्या फेरीला आकडा चुकला असं वाटलं. सगळं ओतून दिलं, पुन्हा सुरुवात केली. कदाचित चुकलंही नसेल.

मुरगूडजवळच्या बनाबाईंच्या बोटांवर फोड उठले होते. त्यांच्या म्हशीच्या सडांवरही. गावानं देवी ठरवून टाकली. रविवारी नातीचं, मोनाचं लग्न. आणि गगनबावड्याचे व्याही म्हणत होते, घरात देवी असेल तर वऱ्हाड येणार नाही. बनाबाईंचा मुलगा पिराजी सकाळपासून लॅबच्या बाकावर होता.

"डॉक्टर, काय म्हंतंय तुमचं पानी?"

मी डॉक्टर नव्हे, हे सांगायचं राहूनच गेलं. "थोडा वेळ."

"थोडा थोडा म्हनत पोरगी म्हातारी हुईल की माझी!"

दुपारी नळ्यांतले थेंब जेलच्या वडीत सोडून खाली दिवा लावला. फोडाच्या खपलीच्या रांगेत पट्टी उमटली होती, नुसत्या पाण्याच्या रांगेत काही नव्हतं. म्हणजे हा म्हशीचाच विषाणू, माणसांच्या देवीचा नव्हे. तरी चारदा पाहिलं. मग रिपोर्ट मराठीत लिहिला : 'म्हैसदेवीची बाधा आढळली.' 'बफेलोपॉक्स'ला नेमका मराठी शब्द सापडला म्हणून मनातून सुखावलोही.

पिराजीनं वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"म्हंजी हायच की देवी!" त्यानं मोबाईल कानाला लावला. "पावणं, देवी हाय म्हून लेखी आलंय—"

"थांबा!" मी इतक्या मोठ्यानं कधी बोललो नव्हतो. फोन त्याच्या हातातून घेतला. "मी लॅबमधून बोलतोय. ती देवी नाही. म्हशीच्या सडावरचे फोड धार काढताना हाताला लागलेत. बरे होतात."

"मग कागदावर देवी कुनी लिवली?" पलीकडून व्याह्यांनी विचारलं.

"मी."

"व्हय? मग आता खरं कुटलं मानायचं?"

"दुसरा कागद लिहितो," म्हणालो. "तो खरा माना."

पलीकडे बराच वेळ कुजबुज. मग आवाज आला, "वाचून दावा."

मी उभ्यानंच लिहिलं : 'म्हशीच्या सडाचे फोड. धार काढताना हाताला लागले. देवी नव्हे.'

पिराजी खांद्यावरून बघत होता. "ते शेवटचं दोन शबुद खोडा," म्हणाला. "देवी तेवढी दिसंल, नव्हे-बिव्हे कोन वाचतंय?"

मी खोडले, आणि उरलेलं फोनवर दोनदा वाचून दाखवलं.

"बरं," पलीकडून आवाज आला. "म्हातारीचा हात फडक्यात बांधा. येतो आमी."