ठिपकीच्या लोकरीचा पत्ता

चरखेवाली बाई चार वाजता येणार होती, आणि एक वाजता सुनेला कळलं की सासऱ्यांनी मदत केली आहे.

सासरे चौतीस वर्षं टपाल कचेरीत पत्रं निवडत होते. निवृत्तीनंतर घरातले चमचेसुद्धा उंचीनुसार उभे राहायचे. सुनेच्या ठिपक्याठिपक्यांच्या मेंढ्या त्यांना कधीच पटल्या नव्हत्या. "धड पांढऱ्या नाहीत, धड काळ्या नाहीत. एक तरी गिऱ्हाईक दाखव, नाहीतर विकून पांढऱ्या आणू."

गिऱ्हाईक मिळालं होतं, हीच चरखेवाली. तिला ठिपकी नावाच्या मेंढीची लोकर हवी होती. न धुतलेली, कातरली तशी, गोधडीसारखी एकसंध. कातताना पांढऱ्यातून काळं, काळ्यातून तपकिरी सूत आपोआप निघावं म्हणून.

आता मागच्या खोलीत त्या लोकरीचे चार ढीग होते. पांढरा, काळा, तपकिरी. चौथ्या, मळखाऊ रंगाच्या ढिगावर चिठ्ठी होती: 'पत्ता अपुरा'.

"बाबा, हे काय?"

"माल मिसळलेला होता. बाईंनी तोंडावर फेकला असता." सासऱ्यांचे हात लोकरीच्या मेणानं चकाकत होते. "दोन दिवस मान वर केली नाही. आभार मानायची गरज नाही."

सून मटकन खाली बसली. रडायला सुरुवात करणार, तेवढ्यात दारातून ठिपकी आत आली आणि सासऱ्यांना आपलं माणूस समजून हुंगू लागली. नुकतीच कातरलेली, उघडीबोडकी. पण ठिपके? ठिपके जिथल्या तिथे! लोकर गेली होती, खालच्या कातडीवर डाग तसेच होते.

सून उठली. "बाबा, पत्ता पुरा आहे. मेंढीवर लिहिलाय."

सासरे ठिपकीभोवती एकदा फिरले. मग चष्मा पुसला.

पुढचे तीन तास त्या खोलीत टपाल वाटप चाललं. सासरे ठिपकीला कवेत धरून ओरडायचे, "डावा खांदा, काळा, तळहाताएवढा! त्याच्या खाली तपकिरी, बटाट्यासारखा!" सून चादरीवर पुंजका ठेवायची, की सासरे पुढचं सांगायचे. "पाठ पांढरी. अजून पांढरी. हलू नकोस गं बाई, तुझंच काम चाललंय!"

चार वाजता चरखेवाली दारात उभी राहिली. जमिनीवर लोकरीची सपाट मेंढी पसरली होती. शेजारी खरी मेंढी, आणि तिच्या पोटाखाली डोकं घालून एक ज्येष्ठ नागरिक.

सुनेनं एका दमात सगळं खरं सांगून टाकलं. "एकसंध नाही राहिली, ताई. नको असेल तर राहू द्या."

बाईंनी चादरीला एक चक्कर मारली. पुंजका उचलला, चिमटीत ओढून पाहिला. "काका, शेपटीजवळचा काळा उलटा लागलाय." मग त्या जे हसायला लागल्या, ते भिंतीला टेकूनच थांबल्या. "अहो, ही मी घेतेच. अशीच गुंडाळून द्या. पण उरलेल्या सहा मेंढ्यांची लोकर काकांनी निवडूनच पाठवा. मला घरी आठवडा लागतो त्याला."

सासऱ्यांनी मेंढीखालूनच विचारलं, "किती कप्पे?"

"पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत अकरा छटा."

"अकरा!" सासरे पोटाखालून बाहेर आले. एवढा आनंद त्यांना मुलाच्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे सुनेला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शेजारच्या कुंपणापाशी उभे होते. पलीकडे शेजाऱ्याच्या पांढऱ्याशुभ्र मेंढ्या चरत होत्या.

"बिचारा," सासरे सुनेला हळूच म्हणाले. "सगळी पाकिटं कोरी."